एकच बोअर, एकच ऊन, तरी दोन तळ्यांच्या पाण्याचा रंग वेगळा का?

कडोली_शिवार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं शेत बेळगाव तालुक्यात, कडोलीच्या अंगाला. बटाटा, कोबी, मिरची असं चालतं. शेतात दोन शेततळी आहेत (इकडच्या सरकारी कागदावर कृषी होंड). दोन्हीत प्लास्टिकचा कागद अंथरलाय, दोन्ही साधारण तीन मीटर खोल, दोन्ही एकाच बोअरवर भरतात. एक वरच्या बांधाला आहे. दुसरं गोठ्याच्या खालच्या बाजूला, तिथं पावसात शेणामुताचं पाणी उतरतं.

संक्रांतीपर्यंत दोन्हीकडचं पाणी सारखंच, किंचित तपकिरी. शिमगा झाला की वरच्या तळ्याचं पाणी पोपटी होतं आणि कडेनं केसासारखं लांब शेवाळ धरतं. गोठ्याकडच्या तळ्याचं सगळंच निराळं. आधी गडद हिरवं होतं, मग चैत-वैशाखात सकाळी बघावं तर पाण्यावर ऑइलपेंट ओतल्यासारखा थर. वारा ज्या दिशेला त्या कोपऱ्यात तो गोळा होतो. कडेला वाळला की निळसर डाग राहतात. वासही येतो.

माझे प्रश्न असे. पाणी एक, ऊन एक, मग रंग वेगळे का? शेवाळाच्या जाती प्रकाशासाठी एकमेकींशी झगडतात असं वाचलं; पण आपल्याकडं उन्हाळ्यात ऊन रग्गड आहे, मग झगडा कशासाठी? आणि औषधाच्या दुकानात मोरचूद (तांब्याचं क्षार, कॉपर सल्फेट) टाका म्हणून सांगितलंय, ते टाकावं का? ठिबकचे फिल्टर दर दोन दिवसांनी तुंबतात, म्हणून घाई आहे.

चंदगडी

आमच्यातबी असंच हाय बगा. तांब्रपर्णीच्या डोहात पाणी स्वच्छ असतंय, तळातले दगड दिसत्यात, त्या दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर. आणि गावच्या तळ्यात म्हशी डुंबत्यात, ते पाणी हिरवंगार होऊलंय. शेवाळ म्हंजे सगळं एकच असं मी धरून चाललो हुतो. जाणकारांनी सांगावं.

प्रयोगवही

मी बेळगावात पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवतो. हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी 'ऊन रग्गड' याबद्दल, कारण सगळी गोम तिथंच आहे. ऊन पाण्याच्या पृष्ठभागावर रग्गड आहे. पाण्यात ते तसं राहत नाही. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, ही पद्धत इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरली आणि आजही जगभर तीच चालते. प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका प्रकाश ढोबळमानाने त्या खोलीच्या दोन ते तीन पटीपर्यंत पोचतो. तुमच्या गोठ्याकडच्या तळ्यात थाळी वीस सेंटिमीटरवर दिसेनाशी होत असेल, तर उजेडाचा पट्टा अर्ध्या मीटरच्या आसपास. तळं तीन मीटर. म्हणजे सहातले पाच हिस्से पाणी अंधारात. त्या पाण्यात वर-खाली फिरणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या वाट्याला, भर वैशाखातसुद्धा, बहुतेक वेळ अंधारच येतो. आणि हा अंधार दुसरं कुणी केलेला नाही, शेवाळानेच केलाय. जितकं वाढेल तितकं ते स्वतःवर आणि शेजाऱ्यावर सावली धरतं. उसाच्या सरीत लावलेला हरभरा ऊस वर निघाला की कसा खुरटतो, ते तुम्ही पाहिलंय.

दुसरी गोष्ट रंगाची. उन्हात सगळे रंग आहेत. वनस्पतींच्या कामाचा पट्टा ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. यातला कुठला भाग खायचा, हे त्या जातीकडच्या रंगद्रव्यांवर ठरतं.

हरितद्रव्य 'अ' सगळ्यांकडे असतं. ते जांभळा-निळा (४४० च्या आसपास) आणि तांबडा (६७५ च्या आसपास) प्रकाश घेतं, मधला हिरवा जवळजवळ सोडून देतं.

तुमच्या पोपटी तळ्यातल्या हिरव्या शेवाळाकडे जोडीला हरितद्रव्य 'ब' असतं. त्यामुळे निळ्याचा आणि तांबड्याचा घास थोडा रुंद होतो. पण हिरवा प्रकाश त्यांनाही फारसा पचत नाही. आपल्या पिकांची हीच व्यवस्था आहे.

डायटम, म्हणजे चंदगडी यांच्या दगडांवरचा तपकिरी थर आणि तुमच्या संक्रांतीच्या पाण्यातली तपकिरी झाक. यांच्याकडे हरितद्रव्य 'क' आणि फ्यूकोझँथिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य असतं. ते निळा-हिरवा प्रकाश ५४० च्या पुढेपर्यंत पकडतं.

आणि गोठ्याकडचा तो रंगासारखा थर. वर्णनावरून तो नीलहरित शैवालाचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियांचा दिसतो. यांच्याकडे फायकोसायनिन असतं. ते ६२० च्या आसपासचा नारिंगी-तांबडा प्रकाश घेतं, जिथं हिरव्या शेवाळाचा हात तोकडा पडतो. काही जातींकडे फायकोएरिथ्रिन असतं, ते थेट हिरवा प्रकाश खातं. कडेचे निळसर डाग म्हणजे हेच फायकोसायनिन. पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरतं, कारण ते पाण्यात विरघळतं. हरितद्रव्य विरघळत नाही.

हे पहिल्यांदा डोळ्यांनी कुणी दाखवलं, ते मुलांना मी दरवर्षी सांगतो. थिओडोर एंगेलमान यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला हिरव्या शेवाळाचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्यावर लोलकातून फाकवलेला इंद्रधनुष्याचा पट्टा पाडला, आणि त्या थेंबात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. जिवाणू तांबड्या आणि निळ्या भागापाशी दाटीने जमले, हिरव्यापाशी विरळ राहिले. प्राणवायू कुठं तयार होतोय ते जिवाणूंनीच दाखवलं. इतक्या साध्या साधनांत इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा आठवत नाही.

निपाणी_नाका

वाचनखूण साठवली, सर. एक शंका. ज्याच्याकडे जास्त रंगद्रव्यं तो जास्त प्रकाश घेणार आणि जिंकणार, इतकं सरळ आहे का? मग नीलहरितच सगळीकडे का नाहीत? आमच्याकडं वेदगंगेत ते थर दिसत नाहीत, गावतळ्यात दिसतात.

मूळचा_शहापूरचा

मी बेळगाव शहापूरचा, सध्या पुण्यात, गोड्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम करतो. निपाणीकरांच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण इथंच बहुतेकांची गल्लत होते.

जास्त प्रकाश घेणारा जिंकतो असं नाही. कमीत कमी प्रकाशावर जो तग धरतो, तो जिंकतो.

हे असं समजा. एकच जात एका टाकीत वाढू दिली, खत भरपूर, पाणी सतत ढवळलेलं. ती वाढत जाते, पाणी दाट होत जातं, तळाशी पोचणारा प्रकाश कमी होत जातो. एका टप्प्यावर वाढ थांबते, कारण नव्याने होणारी वाढ आणि मरणाऱ्या पेशी यांचा मेळ बसतो. त्या वेळी तळाशी जो प्रकाश उरतो तो त्या जातीचा उंबरठा. आता दोन जाती एकत्र टाका. ज्या जातीचा उंबरठा खाली, ती प्रकाश इतका खाली नेते की दुसरीचं भागत नाही. येफ हुइसमान आणि फ्रान्झ वाइसिंग यांनी हे गणित १९९४ मध्ये मांडलं. पुढे हुइसमान यांच्या गटाने १९९९ मध्ये हिरव्या आणि नीलहरित जाती प्रयोगशाळेत एकत्र वाढवून ते पडताळून पाहिलं. आधी एकेकटीचा उंबरठा मोजला, त्यावरून निकाल सांगितला आणि मग तो खरा ठरतो का ते बघितलं.

नीलहरितांच्या बऱ्याच जाती अंधाऱ्या पाण्यात चिवट असतात. यातून एक वाईट फेरा तयार होतो. पाणी जितकं गढूळ-दाट, तितकं ते त्यांच्या फायद्याचं. आणि त्या वाढल्या की पाणी आणखी दाट होतं. मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उथळ तळ्यांबद्दल हे दाखवलं. एकदा नीलहरितांचं राज्य बसलं की खत थोडंसं कमी केल्याने ते हटत नाही, बरंच कमी करावं लागतं. कडोलीकरांनी हे लक्षात ठेवावं.

वेदगंगेचं कारण वेगळं आहे. वाहतं पाणी पेशींना पुढं घेऊन जातं, दाटी व्हायला सवडच मिळत नाही. थर धरायला थांबलेलं, ऊबदार पाणी लागतं. नीलहरितांची वाढ साधारण २५ अंशांच्या वर जोरात होते. बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं आणि उसातलं खत त्यात उतरलं, तर नदीतही थर धरेल.

घटप्रभाकाठ

मी हिडकलच्या खालच्या बाजूला मत्स्यशेती करतो. कटला, रोहू, मृगळ. अंधारात तग धरणारा जिंकतो हे पटलं, पण मग ते नीलहरित पाण्याच्या वर कशाला येतात? वर तर ऊन सगळ्यात जास्त. दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात?

मूळचा_शहापूरचा

नेमका मुद्दा काढलात, आण्णा. मी सांगितलेलं गणित ढवळलेल्या पाण्याचं. पाणी स्थिर असलं की डाव बदलतो.

थर धरणारी सर्वांत ओळखीची जात मायक्रोसिस्टिस. तिच्या पेशीत प्रथिनाच्या भिंतीच्या पोकळ नळ्या असतात, त्यात वायू असतो. त्यामुळे ती तरंगते. दिवसभर प्रकाश मिळाला की पेशीत पिष्टमय साठा होतो, वजन वाढतं, ती खाली जाते. साठा संपला की परत वर. पेशी एकटी असती तर हा प्रवास फार हळू झाला असता, पण ती चिकट आवरणात शेकडो-हजारोंचा पुंजका करून राहते. पुंजका जितका मोठा तितका वेग जास्त. डायटम मात्र जड, त्यांचं कवच सिलिकाचं. पाणी हललं नाही तर ते तळाला बसतात. म्हणून वारा पडलेल्या उन्हाळ्यात डायटम खाली जातात आणि मायक्रोसिस्टिस सगळ्यांच्या डोक्यावर येऊन सावली धरते. तिथं उंबरठ्याचा हिशेब नाही, जागेचा आहे.

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या न्यूवे मेर या खोल तळ्यात १९९० च्या दशकात तळातून हवेचे बुडबुडे सोडून पाणी ढवळायला सुरुवात केली. मायक्रोसिस्टिस हटली, डायटम आणि हिरवं शेवाळ पुढं आलं. औषधाचा थेंब न टाकता, फक्त प्रकाशाची वाटणी बदलून. पण ते तळं खोल आहे, म्हणून ढवळल्यावर पेशी खरोखर अंधारात जातात. तीन मीटरच्या शेततळ्यात तितका परिणाम मिळणार नाही, आणि तळाचा गाळ उठला तर उलट खतच वर येईल. तुमच्यासारख्या मत्स्यशेतीवाल्याला एअरेटर लागतो तो प्राणवायूसाठी; थर फुटतो हा जास्तीचा फायदा.

आक्का_खानापूर

आमच्या घरी म्हशी आहेत. गावतळ्यावर असा थर आला की सासूबाई म्हणायच्या, जनावरं त्या बाजूला सोडू नका. मी पुढंही तेच करते. पण यात खरंच विष असतं का? आणि पाणी उकळून घेतलं तर चालतं का? आमच्याकडं उन्हाळ्यात काही घरं त्या तळ्याच्याच पाण्यावर असतात, म्हणून विचारते.

प्रयोगवही

आक्का, सासूबाईंचं बरोबर होतं, आणि तुम्हीही तेच पाळा. मायक्रोसिस्टिस आणि तिच्या काही नातलगांच्या कित्येक वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर मारा करतं. थर प्यायल्याने गुरं आणि कुत्री दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये अशा पाण्यामुळे डायलिसिसवरचे रुग्ण दगावले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे.

उकळल्याने हे विष जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळं होतं. फडक्याने गाळल्याने किंवा तुरटी फिरवल्यानेही भरवसा येत नाही. थर असलेल्या दिवसांत त्या तळ्याचं पाणी प्यायला, स्वयंपाकाला आणि जनावरांना वापरू नये. बोअरचं किंवा टँकरचं घ्यावं. प्रत्येक थर विषारी असतोच असं नाही, पण नुसतं बघून ते ओळखता येत नाही, म्हणून सगळेच टाळायचे. शेजारच्या घरांनाही हे जरूर सांगा.

घटप्रभाकाठ

मोरचुदाबद्दल मी सांगतो. आमच्या भागात एकाने टाकलं. दोन दिवसांत पाणी निवळलं, तिसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून होते, दुपारपर्यंत निम्मे मेले. मेलेलं शेवाळ कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू खातं. शिवाय तांबं माशांना थेट बाधतं, मऊ पाण्यात जास्तच. आणि महिनाभरात पाणी परत हिरवं.

प्रयोगवही

सहमत. यात प्रकाशाच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो. मोरचुदाने पेशी एकदम फुटल्या की आतलं विष एकदम पाण्यात उतरतं, म्हणजे दिसायला पाणी स्वच्छ आणि प्यायला जास्त धोक्याचं. दुसरं म्हणजे मेलेल्या शेवाळातलं स्फुरद आणि नत्र पाण्यातच राहतं. आता पाणी पारदर्शक, ऊन तळापर्यंत, खत तयार. जी जात आधी उठेल तिला मोकळं रान. माझं मत स्पष्ट आहे: शेततळ्यात मोरचूद टाकू नये.

कडोलीकर, तुमच्या तळ्यात नेमकं कोण आहे ते घरीच ओळखता येईल. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. प्रत्येक तळ्यातलं पाणी थराच्या जरा खालून भरा, तीन चतुर्थांश. हातमोजे घाला. बाटल्या सावलीत, न हलवता रात्रभर ठेवा. हिरवं वर येऊन गळ्याशी जमलं तर नीलहरित असण्याची दाट शक्यता. तळाशी बसलं तर हिरवं शेवाळ किंवा डायटम. काठी घालून उचलल्यावर लांब केसांसारखं लोंबलं तर ते तंतूवालं हिरवं शेवाळ, स्पायरोगायरा किंवा क्लॅडोफोरा.

थर वर आला तर पुढचा प्रयोग मुलांसोबत करता येतो. तो थर छोट्या डबीत भरून फ्रीजरमध्ये गोठवा (डबीवर ठळक अक्षरांत लिहा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा, नंतर डबी टाकून द्या). वितळल्यावर गाळणकागदातून गाळा. खाली निळं पाणी उतरतं. ते फायकोसायनिन. भर उन्हात काळ्या कागदासमोर धरलं तर त्यात तांबूस चमक दिसते: घेतलेला प्रकाश वापरायला पेशीच उरली नाही, म्हणून ते रंगद्रव्य तो तांबडा करून परत फेकतं. हिरव्या शेवाळाला असं गोठवून निळं काही निघत नाही. त्याचा रंग काढायला स्पिरिट लागतं. मुलं हे बघतात तेव्हा वर्गात जी शांतता होते, ती मला फार मोलाची वाटते.

चंदगडी

सर, आमच्या भातात काय होतंय ते सांगा की. रोप लावल्यावर पाण्यात हिरवा-तपकिरी तवंग असतोय. पुढं भात दाट झालं की खाली काळपट-निळसर, जेलीसारखं कायतरी मिळतंय. आमचा म्हातारा म्हणतोय, ते असलं की भात चांगलं येतंय.

प्रयोगवही

म्हाताऱ्यांचं निरीक्षण पक्कं आहे. भाताच्या खाचरात हीच प्रकाशाची गोष्ट एका हंगामात घडून जाते. लावणीनंतर पाणी उघडं असतं, ऊन थेट पडतं, तेव्हा डायटम आणि एकपेशी हिरवं शेवाळ पुढं असतं. भाताची पानं एकमेकांना भिडली की खाली पोचणारा प्रकाश कमी तर होतोच, त्याचा रंगही बदलतो. पानांनी निळा आणि तांबडा बराच खाल्लेला असतो. खतातला नत्रही तोपर्यंत ओसरलेला असतो. अशा वेळी मंद प्रकाशात निभावणारी आणि हवेतला नत्र बांधणारी नीलहरितं वर येतात. नॉस्टॉक हे तुमचं जेलीसारखं शेवाळ, आणि अ‍ॅनाबीना. भातशेतीत नत्र टिकवण्यात नीलहरितांचा वाटा आहे हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवलं. तेव्हा नीलहरित म्हणजे वाईट असा सरसकट शिक्का कुणी मारू नये. तळ्यातला थर वेगळा, खाचरातलं नॉस्टॉक वेगळं. बेळगावच्या बासमतीच्या आणि तुमच्या चंदगडच्या खाचरांना नॉस्टॉकसारख्यांचा आधार आहे.

निपाणी_नाका

अजून एक डोक्यात घोळतंय. उंबरठा खाली असलेला जिंकतो असं म्हणालात, तर मग प्रत्येक तळ्यात शेवटी एकच जात उरायला हवी. तसं तर नसतं ना?

मूळचा_शहापूरचा

हाच प्रश्न जी. ई. हचिन्सन यांनी १९६१ मध्ये विचारला होता आणि त्यावर अजून काम चाललंय. पाण्याच्या एका थेंबात इतक्या जाती कशा नांदतात, जेव्हा सगळ्यांना त्याच चार गोष्टी लागतात?

उत्तरं बरीच आहेत: ऋतू बदलतात, सूक्ष्म प्राणी शेवाळ खातात, एकाला स्फुरद कमी पडतं, दुसऱ्याला सिलिका. पण प्रकाशाचं उत्तर मला सगळ्यात सुंदर वाटतं. प्रकाश ही एक वस्तू नाही. प्रत्येक रंग ही वेगळी शिदोरी आहे.

मायका स्टोम्प आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बाल्टिक समुद्रातले दोन अतिसूक्ष्म सायनोबॅक्टेरिया घेतले. एक तांबडा (फायकोएरिथ्रिनवाला), एक हिरवा (फायकोसायनिनवाला). हिरव्या प्रकाशात ठेवले तर तांबडा जिंकला. तांबड्या प्रकाशात हिरवा जिंकला. पांढऱ्या प्रकाशात दोघंही राहिले, कारण एकाने जो रंग सोडला तो दुसऱ्याने उचलला. नंतर याच गटाने समुद्र आणि तळी मिळून सत्तर ठिकाणचं पाणी तपासलं. स्वच्छ निळ्या पाण्यात तांबडे जास्त, गढूळ तपकिरी पाण्यात हिरवे जास्त, मधल्या पाण्यात दोन्ही एकत्र.

काही जाती तर स्वतःचं रंगद्रव्यच बदलतात. हिरव्या प्रकाशात वाढवलं तर तांबडं रंगद्रव्य बनवतात, तांबड्यात वाढवलं तर निळं. ही गोष्ट गायदुकोव्ह यांनी एंगेलमान यांच्याबरोबर काम करताना विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नोंदवली होती.

निळ्या प्रकाशात मात्र नीलहरितांची अडचण होते. प्रकाशसंश्लेषणात दोन प्रकाशयंत्रणा जोडीने चालतात. नीलहरितांचं बहुतेक हरितद्रव्य प्रकाशयंत्रणा एककडे असतं आणि प्रकाशयंत्रणा दोनला प्रकाश पुरवण्याचं काम मुख्यतः फायकोसायनिनसारख्या द्रव्यांकडे. निळा प्रकाश या द्रव्यांना फारसा पकडता येत नाही, त्यामुळे दोन यंत्रणांचा तोल जातो. हिरव्या शेवाळाला निळा प्रकाश छान चालतो.

आक्का_खानापूर

मग आमच्याकडच्या पावसाळ्यातल्या तांबड्या पाण्यात कुठला रंग उरतो? खानापूरची माती तांबडी, ओढे पार विटकरी होऊन वाहतात.

मूळचा_शहापूरचा

छान विचारलंत, आक्का. स्वच्छ पाणी स्वतः तांबडा प्रकाश खातं. शुद्ध पाण्यात ६८० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पाच मीटरवर जेमतेम दहावा हिस्सा उरतो, निळा मात्र जवळजवळ पूर्ण पोचतो. म्हणून खोल स्वच्छ पाणी निळं दिसतं. तांबड्या मातीतले लोहाचे कण उलट करतात: निळा आणि बराचसा हिरवा खातात, नारिंगी-तांबडा सोडतात. जंगलातून येणाऱ्या ओढ्यात कुजलेल्या पानांचा चहासारखा रंग उतरतो, तोही निळा खातो. त्यामुळे कणकुंबीच्या बाजूच्या झऱ्यांत आणि पुढं मैदानातल्या तळ्यांत पाण्याखाली पोचणारे रंगच वेगळे. गाळ बसेपर्यंत एकूण प्रकाशच इतका कमी असतो की सूक्ष्म शेवाळ फार वाढत नाही. पाऊस थांबून पाणी निवळलं आणि हवा थंड झाली की डायटमांचे दिवस येतात. कडोलीकरांच्या तळ्यातली संक्रांतीपर्यंतची तपकिरी झाक तीच.

आपल्या भागातल्या डायटमांचा अभ्यास जुना आहे, हे इथल्या मुलांना कळायला हवं. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर परिसरातले आणि पन्हाळगडावरचे डायटम बारकाईने नोंदवले. बेळगावकडच्या तळ्यांनाही तसं कुणीतरी लाभलं पाहिजे.

कडोली_शिवार

सर, आण्णा, सगळ्यांचे आभार. बाटल्या ठेवल्या होत्या. गोठ्याकडच्या बाटलीत सगळं हिरवं गळ्याशी येऊन बसलं, खाली पाणी निम्मं निवळलेलं. वरच्या तळ्याच्या बाटलीत तळाशी पोपटी साका. काठीला लांब केस लागले. म्हणजे तुम्ही सांगितलं तसंच निघालं. थर गोठवला, मुलीनं गाळला, पाणी खरंच निळं आलं. ती आता ते सगळ्यांना दाखवत फिरतेय.

शेवटचं विचारतो. पन्नास टक्क्यांची शेडनेट तळ्यावर टाकली तर शेवाळ मरेल का? आणि तळ्यात टाकायचा निळा रंग मिळतो म्हणतात, तो?

प्रयोगवही

वर आलेल्या उंबरठ्याच्या हिशेबाने बघा. अर्धी सावली केली तर आधी कुणाचं भागायचं थांबेल? ज्याला जास्त प्रकाश लागतो त्याचं. गोठ्याकडच्या तळ्यात, जिथं खत भरपूर आहे, अर्ध्या सावलीने तुम्ही नीलहरितांचीच बाजू घ्याल. सावली करायची तर जवळजवळ पूर्ण करावी: काळं आच्छादन, तरंगतं किंवा ताणलेलं. त्याने बाष्पीभवनही घटतं. मासे नसतील तरच.

निळा रंग साधारण ६३० च्या आसपासचा प्रकाश अडवतो. कडेच्या आणि तळाच्या तंतूवाल्या शेवाळाला त्याचा त्रास होतो. पण जे तरंगून पृष्ठभागावर येतं, त्याच्या डोक्यावर रंगीत पाणी उरतच नाही. म्हणून वरच्या तळ्यात तो उपयोगी पडू शकेल, गोठ्याकडच्या तळ्यात पैसे वाया.

गोठ्याकडच्या तळ्याचं मूळ शेणपाण्यात आहे. मिरगाआधी गोठा आणि तळं यांच्यात चर मारून ते पाणी खतखड्याकडे किंवा नेपिअर गवताकडे वळवा. तळाला साचलेला गाळ तळं रिकामं असताना काढून शेतात टाका, नाहीतर त्यातला स्फुरद पुढची कित्येक वर्षं वर येत राहील.

घटप्रभाकाठ

वरच्या तळ्यातलं केसाळ शेवाळ दाताळ्यानं ओढून काढा, ते कंपोस्टला चालतं. तिथं मासे सोडणार असाल तर गवत्या मासा सोडा, तो ते खातो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतात, गढूळपणा वाढतो. ते कमीच ठेवा. थाळी ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर माशांसाठी पाणी चांगलं. वीसच्या आत आली की खत-खाद्य थांबवा आणि पहाटे प्राणवायूवर लक्ष ठेवा, कारण रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं.

प्रयोगवही

आणि फिल्टरसाठी: पंपाची सक्शन सध्या कुठं आहे? थर सकाळी वरच्या वीतभर पाण्यात असतो आणि गाळ तळाला. सक्शनचं तोंड बॅरलला बांधून पृष्ठभागाच्या साधारण मीटरभर खाली तरंगतं ठेवा आणि थराचा कोपरा टाळून दुसऱ्या बाजूने पाणी उचला. आणि त्या तळ्याचं पाणी सध्या कोथिंबीर-पालकावर वरून फवारू नका. ठिबकने मुळाशीच द्या.

कडोली_शिवार

सक्शन तळालाच आहे सर, आणि नेमकी थराच्या कोपऱ्यात. उद्या बॅरल बांधतो. चराचं काम पाऊस लागायच्या आत उरकतो, जेसीबीवाल्याशी बोलणं झालंय. शेडनेटचा बेत सोडला.